ड्राय डॉकआधी की नंतर? डागडुजीला जाणाऱ्या क्रूझचं बुकिंग करण्यापूर्वी

जहाज एकच, मार्गही तोच, फक्त तारखा दोन. एप्रिलअखेरची फेरी स्वस्त, कारण पावसाळ्यात जहाज डागडुजीला जाणार आहे. नोव्हेंबरातली महाग, कारण तोवर ते 'नव्या रूपात' आलेलं असेल. मुंबईहून गोव्याला किंवा लक्षद्वीपला क्रूझने जायचं म्हटलं की एजंट हे दोन पर्याय समोर ठेवतो आणि "आज बुक केलंत तर बरं" असंही सांगतो. आमच्या मालवण-कुडाळकडच्या माणसाला हा हिशेब जरा जास्तच नीट करावा लागतो. जहाज गाठायचं तर आधी मुंबई गाठायची. फेरी पुढेमागे झाली की रेल्वेचं तिकीट, मुंबईतला मुक्काम, ऑफिसातली रजा, सगळंच कोलमडतं.

माझं मत आधीच सांगते. दोन-तीन रात्रींची फेरी असेल, मित्रमंडळी किंवा तरुण जोडपं असेल, तर डागडुजीआधी जा, फक्त अगदी शेवटच्या फेऱ्या टाळा. बरोबर म्हातारी माणसं किंवा लहान मुलं असतील, लक्षद्वीपपर्यंतचा लांबचा बेत असेल, तर नंतर जा. पण जहाज ड्राय डॉकमधून, म्हणजे डागडुजीच्या कोरड्या गोदीतून, बाहेर पडल्यावर पहिला महिनाभर थांबा.

डागडुजी नेमकी कसली?

हा प्रश्न फारसं कोणी विचारत नाही, आणि अर्धा निर्णय यावरच ठरतो. 'जहाज डागडुजीला जातंय' या एका वाक्यात दोन अगदी वेगळी कामं दडलेली असतात.

पहिलं काम पाण्याखालचं. सोलास या आंतरराष्ट्रीय सुरक्षा करारानुसार प्रवासी जहाजाच्या तळाची तपासणी दरवर्षी व्हावी लागते आणि पाच वर्षांत निदान दोनदा, तीन वर्षांहून जास्त अंतर न ठेवता, तळाची तपशीलवार पाहणी व्हावी लागते. त्यासाठी जहाज ड्राय डॉकमध्ये घेतात. म्हणजे गोदीत जहाज घ्यायचं, दार लावायचं, पाणी उपसायचं आणि जहाज ठोकळ्यांवर टेकवायचं. मग तळाला धरलेलं शेवाळ आणि शिंपले खरवडतात, ते पुन्हा धरू नयेत म्हणून खास रंग देतात, पंखे, सुकाणू, नांगराच्या साखळ्या, समुद्राचं पाणी आत घेणारे व्हॉल्व्ह तपासतात. लाटांवर जहाज फार डोलू नये म्हणून दोन्ही कुशींना स्टॅबिलायझरचे पर असतात, तेही तेव्हाच उघडून बघतात. आमच्याकडे मालवणला दांडीच्या किनाऱ्यावर जून-जुलैच्या मासेमारी बंदीत होड्या वर ओढून खरवडतात, तेल-रंग देतात आणि झावळ्यांनी शाकारून ठेवतात, त्यातलाच हा प्रकार, फक्त कित्येक पटींनी मोठा.

दुसरं काम हॉटेलचं. गालिचे, गाद्या, पडदे, बाथरूमचे नळ, रेस्टॉरंटची मांडणी, टीव्ही, लॉबीतले दिवे. जाहिरातीत दिसतं ते हे.

पहिलं काम सक्तीचं आहे, दुसरं कंपनीच्या मर्जीचं. काही वेळा जहाज ड्राय डॉकला जातं ते निव्वळ पहिल्या कामासाठी, आणि परत येतं तेव्हा केबिनमधला गालिचा जुनाच असतो. अशा वेळी नोव्हेंबरातल्या फेरीला जास्त पैसे मोजण्यात काही अर्थ नाही. म्हणून एजंटला सरळ विचारा: केबिनमध्ये काय बदलणार आहे? कुठल्या डेकवरच्या केबिन? सगळ्या की फक्त बाल्कनीवाल्या आणि 'सूट' म्हणतात त्या मोठ्या? "सगळं एकदम नवीन होणार" हे उत्तर मोघम आहे. "सहाव्या डेकपर्यंत गाद्या आणि गालिचे, बाथरूम तशीच" हे खरं उत्तर. ते ईमेलवर मागा.

जुनं जहाज म्हणजे धोक्याचं जहाज?

किनाऱ्यावरच्या घरांत ही भीती लगेच वर येते आणि तिला कारणही आहे. 17 जुलै 1947 रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काश्याच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. रायगड जिल्ह्यातल्या कित्येक घरांत ती आठवण अजून आहे. पण त्या बोटीचं वय बघा. 'रामदास' 1936 साली बांधलेली होती, म्हणजे बुडाली तेव्हा जेमतेम अकरा वर्षांची. ती ऐन आषाढात, वादळी समुद्रात, माणसांनी खच्चून भरलेली निघाली होती. जहाजाच्या वयापेक्षा हवामान, गर्दी आणि निघायचं की नाही हा निर्णय, यांवर जीव जास्त अवलंबून असतो.

मुंबईहून क्रूझला निघणारी बरीच माणसं ज्या जहाजावर गेली, ते कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं 'एम्प्रेस' 1990 साली फ्रान्समध्ये बांधलं गेलं. तेव्हा त्याचं नाव 'नॉर्डिक एम्प्रेस' होतं. पुढे ते 'एम्प्रेस ऑफ द सीज' झालं, मधली काही वर्षं एका स्पॅनिश कंपनीकडे चाललं, परत मूळ कंपनीकडे आलं आणि सप्टेंबर 2021 पासून मुंबईहून फिरू लागलं. त्याआधी 2018 साली मुंबई-गोवा मार्गावर आलेली 'आंग्रिया'सुद्धा आधी जपानमध्ये चालून आलेली होती. 2025 मध्ये कॉर्डेलियाने ज्या दोन मोठ्या जहाजांसाठी करार केल्याचं जाहीर झालं, ती 'नॉर्वेजियन स्काय' आणि 'नॉर्वेजियन सन' अनुक्रमे 1999 आणि 2001 सालची. आपल्या किनाऱ्यावरची क्रूझ म्हणजे बहुतेक वेळा दुसरा जन्म घेतलेलं जहाज. त्यामुळे 'जुनं की नवं' हा प्रश्न आपल्यासाठी जवळपास नाहीच. शेवटची डागडुजी कधी झाली आणि पुढची कधी, एवढंच बघायचं.

नाव बदललं तरी जहाजाचा सात आकडी आयएमओ नंबर जन्मभर तोच राहतो. तो नंबर शोधला की जहाज कुठे बांधलं, आधी कोणत्या नावांनी चाललं, आत्ता कुठे उभं आहे, हे कोणत्याही जहाज-माग दाखवणाऱ्या साइटवर दिसतं. वेळापत्रकात दोन-तीन आठवडे एकही फेरी नसेल आणि त्या काळात जहाज एखाद्या शिपयार्डच्या शहराकडे जात असेल, तर ड्राय डॉक ठरलेलं आहे असं समजायला हरकत नाही.

आधी गेलात तर

स्वस्त मिळतं, हा उघड फायदा. दुसरा फायदा लक्षात येत नाही: जहाज जसं आहे तसं आधीच माहीत असतं. त्यावर जाऊन आलेली माणसं आपल्या गावात, नातेवाइकांत सापडतात. जेवण कसं, कुठल्या बाजूला आवाज येतो, कुठली केबिन नको, हे सगळं विचारता येतं. क्रू त्या जहाजावर रुळलेला असतो.

त्रास कुठे होतो तेही सांगते. डागडुजीची वेळ आलेल्या जहाजाचं वय दिसतं ते केबिनच्या बाथरूममध्ये. शॉवरच्या तळाशी सिलिकॉनची पट्टी काळी पडलेली असते, पाणी निचरायला वेळ घेतं, आणि जहाज कलतं तेव्हा ते उंबऱ्याकडे येतं. उंबऱ्यालगतच्या गालिच्यावर हात ठेवून बघा, ओलसर लागला तर लगेच केबिन बदलून मागा. पहिल्या संध्याकाळी, जहाज धक्का सोडायच्या आधीच मागा, नंतर रिकामी केबिन मिळणं कठीण. बाल्कनीचं सरकतं दार जड झालेलं असतं, खाऱ्या हवेने त्याची चाकं धरलेली असतात. कठड्याखाली गंजाचे ओघळ असतात. हे सगळं चालण्यासारखं आहे. दोन रात्रींच्या फेरीत माणूस केबिनमध्ये झोपण्यापुरता असतो, बाकी वेळ डेकवर, जेवणाच्या हॉलमध्ये नाहीतर कार्यक्रमात. मळलेल्या गालिच्यासाठी कोणी सहल रद्द करत नाही.

चालण्यासारखं नाही ते यंत्रांचं. एखादा स्टॅबिलायझर बिघडलेला असेल आणि 'आता ड्राय डॉकलाच बघू' म्हणून तसाच ठेवला असेल, तर जहाज जास्त डोलतं. एखादी मोटर पूर्ण ताकदीने चालत नसेल तर वेग कमी होतो, आणि वेग कमी झाला की वेळापत्रकातून पहिलं काय गळतं? लांबचं बंदर. मुंबई ते गोव्यातलं मुरगाव बंदर हे अंतर सव्वादोनशे सागरी मैलांच्या आसपास आहे, ते रेटता येतं. लक्षद्वीप तसं नाही. म्हणून लक्षद्वीपच्या फेरीसाठी डागडुजीआधीचं जहाज मी घेणार नाही, कितीही स्वस्त असलं तरी.

आणि शेवटच्या दोन-तीन फेऱ्या तर कोणत्याच परिस्थितीत नकोत. ड्राय डॉकमध्ये दिवसाचं भाडं प्रचंड असतं, म्हणून जे काम आधी उरकता येईल ते समुद्रावरच सुरू करतात. आमच्या वाडीतला एकजण परदेशी जहाजांवर सुतारकाम करतो. तो सांगतो, शेवटच्या फेऱ्यांत कंत्राटदाराची माणसं जहाजावरच मुक्कामाला असतात. जिन्याचे कोपरे प्लास्टिकने झाकलेले, एखादं रेस्टॉरंट बंद, एका लिफ्टमधून फक्त सामान. मार्च 2018 मध्ये मायामीहून पनामा कालव्यातून लॉस एंजेलिसकडे गेलेल्या 'नॉर्वेजियन सन'वर प्रवासी असतानाच अशी कामं चालली होती. धूळ, रंगाचा वास आणि आवाज यांच्या तक्रारी इतक्या झाल्या की कंपनीने पुढच्या प्रवासासाठी भाड्याच्या 25 टक्के सवलत देऊ केली. दमेकरी माणसाला त्या सवलतीचा काय उपयोग?

नंतर गेलात तर

नवी गादी, स्वच्छ बाथरूम, घट्ट बसणारी दारं. सत्तरीच्या माणसाला दुपारी दोन तास केबिनमध्ये पडायचं असतं, रात्री तीनदा उठायचं असतं. त्याच्यासाठी बाथरूमची कोरडी फरशी आणि धरायला पक्का दांडा हे डेकवरच्या सगळ्या कार्यक्रमांहून मोलाचं आहे. तान्हं मूल असेल तरी तेच. म्हणून घरच्या मोठ्यांसाठी मी नंतरच्या फेरीला जास्त पैसे मोजायला तयार आहे.

पण 'नंतर' म्हणजे कधी, ते नीट ठरवावं लागतं. ड्राय डॉकची तारीख पाळली जाईलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही. तळ खरवडल्यावर आत काय निघेल ते आधी कळत नाही. खुद्द 'एम्प्रेस'चंच उदाहरण घ्या. 2016 साली मार्चअखेरीस मायामीहून फेऱ्या सुरू होणार होत्या. अमेरिकेच्या आरोग्य नियमांत बसण्यासाठी स्वयंपाकघराचं मोठं काम निघालं, फेऱ्यांमागून फेऱ्या रद्द झाल्या आणि जहाज निघायला मे उजाडून गेला. 1 एप्रिल 2019 रोजी बहामातल्या गोदीत 'ओअॅसिस ऑफ द सीज'वर क्रेन कोसळली आणि पुढच्या तीन फेऱ्या रद्द कराव्या लागल्या. ही एवढाल्या कंपन्यांची जहाजं, तिथे हे होतं.

तारीख पाळली गेली तरी पहिले काही आठवडे कच्चे असतात. रंगाचा आणि गोंदाचा वास बंद केबिनमध्ये दिवसेंदिवस राहतो. पाण्याच्या पाइपांना हात लागलेला असतो, त्यामुळे कुठे गळती, कुठे गरम पाणी नाही. एसीचं गणित अजून बसलेलं नसतं. क्रूमधले बरेच जण ड्राय डॉकच्या काळात सुट्टीवर गेलेले असतात आणि त्यांच्या जागी नवे आलेले असतात. त्यांनाही बदललेलं रेस्टॉरंट शिकायचं असतं. दांडीवर होडी रंगवणारे म्हणतात, "रंग सुकाक होयो, मगे पाण्यात." तसा निदान एक महिना जाऊ द्या.

आणखी एक. डागडुजीत जहाज नेहमी सुधारतंच असं नाही. कंपनीला जागेतून पैसा काढायचा असतो. मोकळ्या डेकच्या जागी नव्या केबिन येतात, फुकटच्या बसण्याच्या जागी पैसे देऊन खायचं हॉटेल येतं. 'क्वीन मेरी 2'मध्ये 2016 साली एकट्या प्रवाशांसाठी 15 केबिन वाढवल्या, त्या आधीच्या सार्वजनिक जागेतूनच काढल्या. एकट्याने फिरणाऱ्यांची सोय झाली, बाकीच्यांची बसायची जागा गेली. तुम्हाला डेकवर खुर्ची टाकून समुद्र बघायचा असेल, तर नव्या नकाशात मोकळा डेक किती उरलाय ते आधी बघा.

समुद्र काय म्हणतो

एजंट महिने सांगतो ते भावासकट, समुद्राचं सांगत नाही. एप्रिल अखेरपासून किनाऱ्यावर उकाडा वाढतो, मेच्या मध्यानंतर दर्या फुगायला लागतो. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याला घासत गेलं ते कोणी विसरलेलं नाही. पण दिवाळीच्या सुमाराला सगळं शांत असतं, हाही भ्रम नको. ऑक्टोबर 2019 चं क्यार आणि नोव्हेंबर 2009 चं फयान ही वादळं त्याच दिवसांतली. लक्षद्वीपला जहाज खोल पाण्यात थांबतं आणि प्रवासी छोट्या बोटींतून बेटावर जातात. लाट जरा उंच असली तरी म्हाताऱ्या माणसाला त्या बोटीत उतरवणं अवघड, आणि मग बेट लांबूनच बघून परतावं लागतं. तिथे जायला परवाना लागतो, त्याची कागदपत्रंही वेळेत द्यावी लागतात.

म्हणून एप्रिल की नोव्हेंबर या जोडीतच अडकू नका असं माझं सांगणं आहे. डागडुजीआधी जायचं तर जानेवारी-फेब्रुवारीत जा: दर्या शांत, कंत्राटदाराची माणसं अजून आलेली नाहीत. सवलत एप्रिलएवढी मिळणार नाही, पण घासाघीस करता येते, कारण डागडुजी जवळ आली आहे हे तुम्हालाही माहीत आहे. आणि नंतर जायचं तर ऑक्टोबर-नोव्हेंबरपेक्षा डिसेंबर. नाताळचा आठवडा तेवढा सोडा, तेव्हा भावही चढलेले असतात आणि जहाजही भरलेलं.

सिंधुदुर्ग किल्ला समुद्रातून दिसेल या आशेने कोणी तारीख निवडू नये. मोठं जहाज किनाऱ्यापासून बरंच बाहेरून जातं आणि आपला पट्टा बहुतेक रात्रीच मागे पडतो.

पैसे आणि कागद

दोन तारखांचे भाव लावताना केबिनचं भाडं नव्हे तर शेवटचा आकडा धरा. कर, बंदराचे आकार, टिप, किनाऱ्यावरच्या सहली, पेयं, सगळं त्यात येऊ द्या. यातले बरेच खर्च दोन्ही तारखांना सारखेच असतात, त्यामुळे भाड्यात दिसणारी मोठी सवलत एकूण बिलात बरीच बारीक होते. चौघांच्या कुटुंबाला फरक जेमतेम मुंबईच्या जाण्यायेण्याएवढाच पडत असेल, तर नंतरचीच फेरी घ्या. फरक एका माणसाच्या अख्ख्या भाड्याएवढा असेल, तर आधीची.

अटींच्या कागदात तीन गोष्टी शोधा. कंपनी फेरी रद्द करते तेव्हा पैसे रोख परत मिळतात की पुढच्या फेरीसाठी क्रेडिट? जहाज बदलून दुसरं दिलं तर तुम्हाला नाही म्हणता येतं का? आणि बंदर गाळलं तर काय? बहुतेक कंपन्या मार्ग बदलायचा हक्क स्वतःकडे ठेवतात. त्यावर वाद घालून उपयोग नसतो, पण रोख परताव्याची अट लेखी मागता येते. तिला नाही म्हणाले तर डागडुजीनंतरच्या पहिल्या फेऱ्यांचं बुकिंग करू नका.

रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, आणि कोकण रेल्वेवर पावसाळी वेळापत्रक ऑक्टोबरात शिरतं. त्या काळात गाड्या सावकाश धावतात. जहाज सुटायच्या दिवशी सकाळी मुंबईत उतरायचा बेत तेव्हा ठेवू नका, आदल्या दिवशी पोचा. गोव्याहून चढायची सोय असलेली फेरी मिळाली तर सिंधुदुर्गातल्या माणसाने ती आधी बघावी. मुरगाव आपल्याला मुंबईपेक्षा कितीतरी जवळ आहे, आणि फेरी रद्द झालीच तर गाडी वळवून संध्याकाळपर्यंत घरी येता येतं.

एवढं करूनही फसवणूक झाली, जाहिरातीतलं 'नवं' जहाज जुनंच निघालं आणि कंपनी दाद देईना, तर मुंबईला खेटे घालायची गरज नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, म्हणजे सिंधुदुर्ग किंवा रत्नागिरीच्या जिल्हा आयोगात. तुम्ही मोजलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर तक्रारीला फी नाही. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघा. जाहिरातीचा फोटो, एजंटचा ईमेल, आणि केबिनमध्ये पाऊल टाकल्याबरोबर काढलेले बाथरूमचे आणि गालिच्याचे फोटो, तारखेसकट, जपून ठेवा.